आत्याचा मान

शब्द मला सगळे येतात. ही बढाई नाही, तक्रार आहे, आणि ती माझीच माझ्याविरुद्ध आहे.

अंबरनाथ एमआयडीसीत मी ज्या कंपनीत क्वालिटीला आहे, तिथे काही वर्षांपूर्वी एक ट्रेनिंग झालं. कॅंटीनमध्ये खुर्च्या मांडल्या, प्रोजेक्टर लावला आणि पुण्याहून आलेल्या एका मॅडमनी दीड तास समजावून सांगितलं की पारलिंगी माणसांशी कसं बोलावं. काय विचारू नये, कुठला शब्द शिवीसारखा लागतो, जुनं नाव का उकरून काढू नये. मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. एकाने तळहात आडवे धरून टाळी वाजवली. ती कुठली टाळी ते सगळ्यांना कळलं आणि हशा पिकला. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी बहीण ट्रान्स आहे." हशा बंद. मॅडमनी माझ्यासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या दिवशी मी घरी आलो तो छाती पुढे काढूनच. बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तिला सांगितलंस का, तिच्या नावावर टाळ्या मिळवल्यास ते?" माझ्या बायकोचं बोलणं असं असतं. मला राग आला होता.

आम्ही वाढलो उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. चाळीतल्या दोन खोल्या, गल्लीच्या तोंडाशी सिंधी लोकांची दुकानं आणि मागच्या बाजूला जीन्सचे कारखाने. कारखान्यातून पॅंटचे गठ्ठे चाळीत यायचे आणि बायका दारात बसून शिलाईचे सुटलेले धागे कापायच्या. आईही कापायची. बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती छोटी कात्री घेऊन आईला चिकटून बसायची. ती बहीण आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, तिलाही नसावं. तेव्हाचं सांगतानाही मी 'ती'च म्हणतो. हेसुद्धा मी शिकलोय. बायकांना तिचं काम आवडायचं. कापडाला टोक न लावता ती धागा मुळाशी कापायची. त्या हसून म्हणायच्या, अगं बाई, ही तर सून शोभेल कोणाची तरी. आई हसायची नाही. पुढचा गठ्ठा ओढून घ्यायची.

गल्लीतल्या पोरांचे शब्द वेगळे होते. बायल्या, मीठा, छक्का. हे शब्द मी नुसते ऐकले एवढंच सांगून पुढे गेलो असतो तर बरं दिसलं असतं. पण मी ते वापरले. मी दहावीत होतो. मैदानात आमचं क्रिकेट चालू होतं, बॉल गटारापाशी गेला आणि तो आणायला ती धावली. एकाने तिच्या धावण्याची नक्कल केली. मी, तिचा दादा, ओरडलो, "ए छक्क्या, बॉल दे आणि घरी जा." सगळे खिदळले. मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं, दुसरं काही नाही. तिने बॉल फेकला नाही. चालत येऊन माझ्या हातात दिला आणि घरी गेली. कितीतरी वर्षांनी तिने अगदी सहज सांगितलं, "तो शब्द मी आधी ऐकला होता रे. पण तो माझ्यासाठी आहे हे तुझ्याकडून कळलं."

तिने मला खरं सांगितलं ते कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. माझी शिफ्ट साडेतीनला सुटली तेव्हा ती रिक्षा स्टॅंडपाशी उभी होती, वही छातीशी धरून. मला वाटलं घरी काही झालं. दोन चहा घेतले. ती म्हणाली, "दादा, मी खूप दिवस एक शब्द शोधत होते." माझ्यासमोर ती पहिल्यांदाच 'होते' म्हणाली आणि माझी मान आपोआप वळली, कोणी ओळखीचं ऐकत नाही ना ते बघायला.

आधी तिला वाटलं होतं, आपण गे असू. मग कल्याणला ओळख झालेल्या एकीने सांगितलं, तू कोथी आहेस, बाईच्या मनाची, आमच्यात ये. तिच्याबरोबर ही एका किन्नर गुरूच्या घरी जाऊन आली. तिथे लहानांनी मोठ्यांना नमस्कार करायचा तो 'पावपडती' म्हणून. "इतका गोड शब्द आहे ना दादा, की मला वाटलं इथेच राहावं," ती म्हणाली. "त्यांनी जेवायला वाढलं. एकीने माझे केस विंचरून दिले. पण मला घर सोडून जायचं नाहीये. मला आपल्याच घरातली मुलगी व्हायचंय." मग फोनवर वाचता वाचता तिला ट्रान्स हा शब्द सापडला होता. तोही तिला नव्या ब्लाउजसारखा काखेत काचत होता, पण अंगात जात होता.

तिने इतकं सांगितलं आणि मी पहिला प्रश्न काय विचारावा? "म्हणजे तू ऑपरेशन करणार?" तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा गार होतोय तुझा." तेव्हा ट्रेनिंग झालं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत काढत आलोय.

बाबा गेल्यावर आम्ही उल्हासनगरची खोली सोडून बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला. ती आमच्याबरोबर आली नाही. आली नाही हेही खोटंच. मी तिला म्हणालो होतो, नवीन सोसायटी आहे, सुरुवातीलाच चर्चा नको, तीन-चार महिने तू तिकडेच भाड्याची खोली बघ. त्याला सहा वर्षं झाली. ती उल्हासनगरलाच एका ड्रेस मटेरियलच्या होलसेल दुकानात बिलिंग करते. मालकीण साठीची सिंधी बाई आहे. तिला कोणी ट्रेनिंग दिलेलं नाही. ती हिला 'अदी' म्हणते, सिंधीत बहिणीला म्हणतात तसं. दुकानातल्या सगळ्याच मुलींना ती अदी म्हणते, त्यामुळे त्यात खास असं काही नाही, आणि नेमकं तेच माझ्या बहिणीला आवडतं.

आई तिला कशानेच हाक मारत नाही. जुनं नाव घेत नाही कारण मी रागावतो, आणि नवं नाव तिच्या तोंडात बसत नाही. ती मला विचारते, "उल्हासनगरला फोन केला होतास का?" किंवा, "उल्हासनगरची तब्येत बरी आहे ना?" एक अख्खं शहर आईने मुलीच्या जागी ठेवलंय. सणाला डबा भरताना म्हणते, थोडं उल्हासनगरला राहू दे. डबा मात्र न चुकता भरते, हेही सांगायला हवं.

आम्हाला मुलगी झाली तेव्हा मी पहिला फोन तिला केला. ती दुकानातच किंचाळली. "मी आत्या झाले!" मागे मालकीण काहीतरी विचारत होती आणि ही तिला रडत रडत हिंदीत सांगत होती. मग म्हणाली, "दादा, नाव कुठलं ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा. पण बाळाच्या कानात मी सांगणार. आणि मग बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायचे. जोरात घालू देत, मी काही म्हणणार नाही." मी हसलो. ती हसली नाही. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाहीये. एवढं कर," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, तुझाच मान आहे तो. विचारायचं काय त्यात?"

पुढचे तीन आठवडे तिचे रोज मेसेज. कुंचीला कुठला कपडा घेऊ, काठ लावू की लेस. पाळण्याला हात लावायच्या आधी काय म्हणतात. लहानपणी चाळीतली बारशी तिने बायकांच्या मागून बघितली होती, पाळण्याजवळ तिला कोणी येऊ दिलं नव्हतं. माझ्या बायकोशी ती तासन्‌तास फोनवर बोलायची. इतकी खूश मी तिला कधी ऐकली नव्हती.

मग काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जांभूळला असतात, तिथल्या पाण्याच्या प्लॅंटवर नोकरी करून रिटायर झाले. बाबांच्या मागे घरातलं मोठं माणूस तेच. त्यांनी आडून विचारलं नाही. "बारशाला तो येनार हाय का?"

"ती येणार आहे, काका," मी म्हणालो. शब्दांत मी कधी चुकत नाही.

"बरा, ती तर ती. पन पालन्यापाशी नको. गावातली चार मानसा येतील. लोका काय बोलतील? तुझी चुलत बहीन हाय ना, ती ठेवल नाव."

मी वाद घातला. पाच-सात मिनिटं घातला असेन. काका चिडले नाहीत, एवढंच म्हणाले की मग आम्ही कोणी येत नाही, तुमचं तुम्ही करा. आई शेजारी बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने डोळ्याला पदर लावला. "तुझे बाबा नाहीत. आता तेही तुटले तर आपल्याला कोण आहे? एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उल्हासनगरला मी समजावते." तिने समजावलं नाही. तिच्याकडून तो फोन लागणारच नव्हता, आणि हे मला माहीत होतं.

आता माझी हुशारी ऐका. त्याच सुमारास कंपनीत नवीन प्रेस मशीन आलं होतं. पूजेला मालकांनी किन्नर बोलावले होते, मशीनवर त्यांचा हात फिरला की बरकत येते म्हणून. ट्रेनिंगच्या दिवशी मागच्या रांगेत बसून टाळी वाजवणारं पोरगं त्या दिवशी त्यांच्या पायावर डोकं ठेवत होतं. ते बघून माझ्या डोक्यात आलं. मी काकांना परत फोन केला. म्हणालो, "काका, अशा लोकांचा आशीर्वाद शुभ असतो. मोठमोठे लोक मुद्दाम घरी बोलवतात. ती बाळाला आशीर्वाद द्यायला येईल. नाव चुलत बहीण ठेवेल."

काकांचा आवाज एकदम बदलला. "हा, तसा असल तर वेगला. ती देवाची मानसा. त्यानी यावा की. आपन मान करू त्यांचा." एका फोनमध्ये माझी बहीण 'तो'वरून 'ते' झाली. मला वाटलं, जिंकलो. ती चोरून नाही, सगळ्यांसमोर येणार, तिला खुर्ची मिळणार आणि कोणाच्या तोंडून वाकडा शब्द जाणार नाही. काका खूश, आई खूश. माझी पाठ मीच थोपटून घेतली.

बायको म्हणाली, "तिला सांगितलंस?"

"सांगतो."

"तिला विचार आधी. सांगू नकोस, विचार."

मी बहिणीला फोन केला आणि म्हणालो, "चारपर्यंत ये. तुझा मान मोठा ठेवलाय." ती म्हणाली, "थॅंक यू, दादा." मी बोललेल्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. पाळणा झेंडूने सजवला होता. मागच्या बोर्डवर बाळाचं नाव थर्माकोलच्या अक्षरांत लावलं होतं आणि वर सोनेरी कागद चिकटवला होता, नाव ठेवलं की ओढायचा. आमच्या दोघांशिवाय नाव कोणाला माहीत नव्हतं. सव्वाचारला ती आली. मोरपंखी साडी, अबोलीचा गजरा, हातात कुंचीची पिशवी. इतकी नीटनेटकी, की मला वाटलं ही पहाटेपासून तयार होत असणार. ती दारातून थेट पाळण्याकडे निघाली.

काका आडवे आले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "या, या. बसा." हॉलच्या मध्यभागी लाल कापड टाकलेली खुर्ची होती. समोर तबक, तबकात हळदकुंकू, तांदूळ, नारळ, साडी आणि पाकीट. ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, आत्याचा मान असाच करतात. ती बसली. काकूने तिला कुंकू लावलं आणि खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. ती दचकून उठायला लागली. "काकू, अहो, काय करताय? मी लहान आहे."

"असू द्या हो," काकू म्हणाली. "तुमचा आशीर्वाद लागतो."

तुमचा. तेव्हा तिला कळलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं कळलेलं. हसू लगेच गेलं नाही, तोंडावर तसंच राहिलं, पण त्यात कोणी नव्हतं.

मग रांग लागली. मी हे थांबवू शकलो असतो. मी फोटोग्राफरला जागा करून देत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या सुनेला पुढे ढकललं, हिला मूल होत नाही, चार दाणे तांदळाचे द्या म्हणून. कोणी नातवाच्या बारावीचं विचारलं. एकीने पर्समधून नाणं काढून तिच्यापुढे धरलं. "दाताला लावून द्या ना. तिजोरीत ठेवीन." बहिणीने नाणं हातात घेतलं आणि गर्दीतून मला शोधलं. मी मानेने हो म्हटलं. देऊन टाक, असं. तिने नाणं दाताला लावलं आणि त्या बाईंना परत दिलं. ती बी.कॉम. झालेली, दिवसभर कॉम्प्युटरवर बिलं काढणारी माझी बहीण. तिला या कशातलं काही येत नव्हतं. मागून कोणीतरी प्रेमाने म्हणालं, "एक टाळी होऊ द्या बाळासाठी." तिने टाळी वाजवली. तिला ती टाळी येत नव्हती. लहान मुलांच्या वाढदिवसाला वाजवतात तशी वाजली.

"तुम्ही पन पाया पडा," काका आईला म्हणाले. "तुमच्या नातीसाठी."

आई पुढे आली. पदर डोक्यावरून घेतला आणि वाकली. बहिणीने तिला दोन्ही दंडांना धरून वरच्या वर उचललं. "आई, नको." ती एवढंच बोलली. आई तिच्या हातांत क्षणभर तशीच उभी राहिली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती मागे सरकली आणि बाळाची दुपटी घडी करायला लागली, आधीच घडी केलेली होती तरी.

बाळ बहिणीच्या मांडीवर दिलं. तिने तांदळाचे दोन दाणे बाळाच्या कपाळाला लावले. बाळाचा कान तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. काका म्हणाले, "चला, आता बारसा उरकून घेऊ," आणि त्यांनी चुलत बहिणीला हाक मारली. चुलत बहीण आली आणि अगदी अदबीने बाळ तिच्या मांडीवरून उचलून घेऊन गेली. बायका पाळण्याभोवती जमल्या. खुर्ची एकटी पडली. माझी बायको मला काहीतरी खुणावत होती. फोटोग्राफर म्हणाला, बाळाचे बाबा, इकडे या. मी गेलो. पाळणा म्हणून झाला, चुलत बहिणीने कानात नाव सांगितलं, धपाट्यांचा आवाज झाला, सोनेरी कागद ओढला. मी वळून बघितलं तेव्हा खुर्चीवर तबक तसंच होतं, साडी, नारळ, पाकीट, आणि त्याच्या शेजारी कुंचीची पिशवी. वॉचमन म्हणाला, त्या मघाशीच गेल्या, पाळणा सुरू व्हायच्या आधी.

संध्याकाळी मी मेसेज केला, पोचलीस का. तिने उत्तर दिलं, हो. दुसऱ्या दिवशी मी सॉरी लिहिलं. तिने काही लिहिलं नाही. बारशाचे दीडशे फोटो फॅमिली ग्रुपवर पडले. ती त्या ग्रुपवर नाही. आई तीन दिवस नीट जेवली नाही आणि का ते तिने कोणाला सांगितलं नाही.

बारशानंतर नवव्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. चौघी किन्नर होत्या. बाळ झालेल्या घरी येऊन त्या आशीर्वाद देतात, घरचे खुशीने काही देतात, त्याला त्या बधाई म्हणतात. पुढे साठीच्या गुरू होत्या, पांढरे केस, जाड चष्मा. त्यांनी टाळी वाजवली नाही. शांतपणे विचारलं, "बेटा, हमारे इलाके में बधाई किसने ली?"

मला कळेना. त्यांनी चेलीच्या हातातला मोबाईल माझ्यापुढे धरला. नाणं मागणाऱ्या बाईंनी बारशाच्या दिवशी स्टेटस ठेवलं होतं, त्याचा फोटो फिरत फिरत यांच्यापर्यंत पोचला होता. लाल खुर्ची, तबक, माझी बहीण दाताला नाणं लावतेय. "ये कौन है? किस घर की? गुरु कौन है इसकी?" मग मला नीट समजावं म्हणून त्या मराठीत बोलायला लागल्या. त्यांच्यात एरिया वाटलेले असतात. दुसरीच कोणी येऊन बधाई घेऊन गेली तर पंचायत बसते, तिला दंड होतो. "उल्हासनगरची आहे असं कळलंय. आम्ही शोधू तिला. पण आधी तुला विचारायला आले."

माझ्या डोळ्यांसमोर तिचं दुकान आलं, तिची ती मालकीण, काउंटरसमोर जमलेले लोक. तिच्याकडे ती एकच जागा होती जिथे ती खास नव्हती. मी म्हणालो, "ती माझी बहीण आहे. सख्खी. ती बधाईला आली नव्हती. तिने पाकीटसुद्धा नेलेलं नाही, घरातच आहे."

"मग हे काय?"

"ती आत्या म्हणून आली होती."

गुरूंनी चष्म्यातून माझ्याकडे निरखून बघितलं. "आत्या? मग नाव तिने ठेवलं?"

मागे स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. बायको बाळाला घेऊन बेडरूमच्या दारात. दोघींनाही प्रश्न ऐकू गेला होता.

"हो," मी म्हणालो. "नाव तिनेच ठेवलं."

गुरू चपला काढून आत आल्या आणि सोफ्याच्या कडेवर बसल्या. पाणी मागितलं. आईने आणून दिलं. पाणी पिऊन गुरू म्हणाल्या, "मला पाच भाऊ. त्यांची पोरं आता कॉलेजात जातात. एकाचंही बारसं मी बघितलं नाही. हजार पोरांच्या डोक्यावर हात ठेवला असेल मी, पण घरच्या नाही." मग त्यांनी चेलीला तो फोटो डिलीट करायला सांगितला. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं. "आज नको. आत्याने नाव ठेवलंय त्या घरातून आज काही नको." उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भाई हो तो ऐसा. उल्हासनगरला आले की भेटेन तिला. सांगेन, नशीबवान आहेस."

मी तो हात डोक्यावर ठेवून घेतला. खरं सांगायची वेळ होती आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. लाज वाटली, पण लाजेपेक्षा बरं जास्त वाटलं, हे लिहायला नको होतं पण खरं आहे. त्या गेल्यावर आई आत जाऊन देवासमोर बसली. बायको बाळाला पाजायला आत गेली. तिने टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी बाल्कनीत जाऊन बहिणीला फोन लावला. उचलणार नाही असं वाटलं होतं, पण तिने दुसऱ्याच रिंगला उचलला. मागे दुकान चालू होतं, कोणीतरी मीटरचा भाव विचारत होतं. मी घाईघाईने सगळं सांगितलं. स्टेटस, बधाई, दंड, गुरू. "त्या तुला भेटायला येतील कदाचित. घाबरू नकोस. त्यांनी विचारलं तर सांग, नाव तूच ठेवलंस. मी तसं सांगितलंय त्यांना."

गिऱ्हाइकाला तिने दोन मिनिटं थांबायला सांगितलं, मग दुकानाच्या मागच्या बाजूला गेली असावी, कारण आवाज कमी झाले.

"बरं," ती म्हणाली. "सांगते तसं."

"सॉरी गं," मी म्हणालो.

"ते राहू दे. पण त्यांनी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे ना." ती थांबली. "दादा, काय ठेवलं मी नाव?"